शाळांना पुढचे डिजिटल संच वाटण्याआधी सोडत काढा

प्रति,
राज्याच्या शालेय शिक्षण विभागात डिजिटल वर्गांचे कार्यक्रम आणि शिक्षकांची ऑनलाइन प्रशिक्षणं आखणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

शाळांची माहिती मागवणारा जो तक्ता दरवर्षी तालुक्याला येतो, त्याचे रकाने मला तोंडपाठ आहेत. वीजजोडणी आहे का. स्मार्ट टीव्ही किती, चालू किती, नादुरुस्त किती. इंटरनेट आहे का. अमुक प्रशिक्षण किती शिक्षकांनी पूर्ण केलं, किती जणांचं प्रमाणपत्र डाउनलोड झालं, शंभर टक्के झालं नसल्यास कारण. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची, ‘केंद्रा’ची, देखरेख करताना मी हा तक्ता भरून पाठवत आले. आता निवृत्त झाले, तेव्हा त्यात नसलेल्या रकान्याबद्दल बोलायला मोकळी आहे. या सगळ्यामुळे मुलांच्या वाचनात आणि गणितात काय फरक पडला, हे कुणी विचारत नाही. फार तर शेवटी ‘उपक्रमाची फलनिष्पत्ती’ अशी एक ओळ असते आणि तिथे ‘विद्यार्थ्यांमध्ये अध्ययनाची गोडी निर्माण झाली’ असं लिहायची रीत आहे. हे वाक्य मी इतक्या शाळांच्या अहवालांत वाचलंय, की ते मूळ कुठल्या गुरुजींनी लिहिलं याचा एकदा शोध घ्यायला हवा.

पडद्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. ज्या गावात ग्रंथालय नाही, नकाशा फाटलेला आहे आणि प्रयोगाचं साहित्य म्हणजे एक भिंग आणि दोन परीक्षानळ्या, तिथे चांगला व्हिडिओ किती कामाचा असतो ते मी पाहिलंय. पण तो कामाचा कधी असतो आणि कधी नुसता चालू असतो, हे तुमच्या तक्त्यातून कळत नाही.

एका तासाचं सांगते. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र बसलेली, भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. बाईंनी हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ लावला. चित्रं सुरेख, निवेदिकेचा आवाज गोड, मधूनमधून प्रश्न, आणि मुलं एका सुरात उत्तरं देत होती. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर फोटो काढून ग्रुपवर टाकला असता. व्हिडिओ संपल्यावर मी पाटीवर ५२ वजा २७ करायला सांगितलं. बहुतेक पाट्यांवर ३५. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलांनी सातातून दोन घालवले होते, पाचातून दोन घालवले होते, झालं उत्तर. बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, हे मुलांना पक्कं माहीत आहे असं धरून व्हिडिओ पुढे गेला होता. मुलांना ते माहीत नव्हतं. पडद्यावरच्या बाईंना मुलांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना थांबायचं कारण नव्हतं.

वर्गातल्या बाईंनी टीव्ही बंद केला आणि कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. सात काड्या काढायच्या कुठून? एका मुलीने गठ्ठ्याचं रबर काढलं. चार गठ्ठे आणि बारा सुट्या. मग काम झालं. त्यानंतर बाईंनी तोच व्हिडिओ पुन्हा लावला, पण आवाज बंद करून, आणि मुलांना बोलायला सांगितलं. ‘आता तो गठ्ठा सोडवतोय’, ‘आता बारातून सात जाणार’ असा मुलांचाच गलका सुरू झाला. टीव्ही तोच होता, व्हिडिओही तोच. तुमच्या तक्त्यात मात्र या दोन्ही तासांची नोंद एकच झाली असती: स्मार्ट टीव्हीचा वापर, होय.

हा फरक मोजता येतो, आणि तो शेजारच्या गुजरातेत मोजून झालेला आहे. ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांमध्ये गणिताच्या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने केला, तो २००८ साली पुढे आला. तोच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवला होता. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, नेहमीच्या शिकवण्याचा वेळ घेऊन. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीचा सराव म्हणून. शाळेच्या वेळात संगणकावर बसलेली मुलं, संगणक न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली. वेळेबाहेर बसलेल्यांना फायदा झाला, त्यातही कच्च्या मुलांना जास्त. आपल्याकडे डिजिटल वर्गाचं वेळापत्रक बसवताना हा प्रश्न मी कुठल्याही आढावा बैठकीत ऐकलेला नाही: पडद्यासमोरचा हा तास आपण कशातून कापून घेतोय?

वडोदऱ्याची गोष्ट तर आपल्याला आणखी ओळखीची वाटेल. २००० साली राज्य सरकारने तिथल्या महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी ते वापरात नव्हते. मग ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले, आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. (बॅनर्जींच्या मातोश्री पूर्वाश्रमीच्या पाटणकर, म्हणजे नोबेल मिळाल्यावर आपण त्यांच्यावर थोडा हक्क सांगितला होताच.) दुसऱ्या वर्षाअखेर गणितात झालेली सुधारणा बरीच मोठी होती. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तपासलं, तर तिच्यातला थोडाच भाग शिल्लक होता. हे दुसरं वाक्यही त्या अभ्यासकांनी लपवलं नाही, आणि म्हणूनच पहिल्या वाक्यावर विश्वास बसतो. आपल्या कुठल्या अहवालात ‘वर्षभराने पाहिलं तर फायदा ओसरला होता’ असं लिहिलेलं कुणाला आठवतंय का?

पेरू देशाने लहान मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. संगणकांची संख्या भरपूर वाढली, भाषा आणि गणितात फरक पडला नाही. उलट दिल्लीत, शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांमध्ये, प्रत्येक मुलाची पातळी ओळखून त्याप्रमाणे प्रश्न देणारं सॉफ्टवेअर वापरलं गेलं आणि जोडीला माणसाने घेतलेला तास होता. तिथे साडेचार महिन्यांत गणितात चांगली वाढ दिसली. म्हणजे ‘तंत्रज्ञानाने मुलं शिकतात का’ या सवालाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. काय, कोणासाठी, कशाच्या जागी, हे पाहावं लागतं, आणि ते आपल्या इथे, आपल्या शाळांत पाहावं लागतं.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. ‘बाई, आम्ही पाहतो ना. डिजिटल झालेल्या शाळांचे निकाल बाकीच्यांपेक्षा चांगले आहेत.’ असतीलही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला, त्या काळात गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. पण कुठली गावं वर्गणी काढतात? जिथले गुरुजी धडपडे आहेत, सरपंचाची मुलं त्याच शाळेत आहेत, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कागदावर न होता खरोखर होते, तीच. ती शाळा टीव्ही यायच्या आधीही पुढेच होती. टीव्ही आल्यावर ती पुढे दिसली, तर त्यात टीव्हीचं कर्तृत्व किती आणि गुरुजींचं किती, हे कसं ठरवणार? आणि त्या गुरुजींची बदली झाली की टीव्हीचं काय होतं, ते आम्हा केंद्रप्रमुखांना विचारा. रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, वीजबिल थकल्यामुळे जोडणी कापलेली, आणि तक्त्यात ‘स्मार्ट टीव्ही: १’.

यावर एक साधी वाट आहे आणि ती तुमच्याच विभागाच्या सवयीची आहे. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के प्रवेशांसाठी आपण दरवर्षी सोडत काढतो. जागा कमी, अर्ज जास्त, मग चिठ्ठी. कुणाची शिफारस नाही, कुणाचा रुसवा नाही. म्हणजे रुसवा असतो, पण तो नशिबावर. स्मार्ट टीव्ही, टॅबलेट किंवा एखादं नवं ॲप याही बाबतीत पैसे एकाच वर्षी सगळ्या शाळांना पुरत नाहीत. योजना टप्प्याटप्प्यानेच येते. मग पहिल्या टप्प्यात कुणाला, हे लोकप्रतिनिधींच्या पत्रावर किंवा कोणाची फाइल आधी पोचली यावर का ठरावं? सोडत काढा. दोन जिल्हे निवडा, पात्र शाळांमधून शंभर चिठ्ठीने पहिल्या वर्षी, शंभर चिठ्ठीनेच दुसऱ्या वर्षी. वर्षाअखेर दोन्ही गटांतल्या मुलांची एकच चाचणी घ्या. दोन गटांत फरक फक्त चिठ्ठीचा, त्यामुळे निकालात जो फरक येईल तो कार्यक्रमाचा म्हणता येईल.

चाचणी कोणी घ्यायची, हा खरा अडचणीचा मुद्दा. वर्गशिक्षकाने स्वतःच्या वर्गाची घेतलेली चाचणी इथे चालणार नाही, आणि हे मी शिक्षकांवर अविश्वास दाखवून म्हणत नाही. पायाभूत आणि संकलित चाचण्यांच्या गुणांची बेरीज, ती पोर्टलवर भरण्याची घाई, आणि गुण कमी आले तर येणारी नोटीस, या तिन्हींच्या तडाख्यात खरा आकडा टिकत नाही. ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारी तरुण मुलं एका वेळी एकाच मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेतात. तसंच करायचं. आपल्याकडे डीएलएड ही शिक्षक-पदविका करणारे छात्राध्यापक आहेत. त्यांना दुसऱ्या तालुक्यात पाठवा, प्रवासखर्च द्या, प्रत्येक शाळेत वीस मुलं तपासून येऊ दे. त्यांचंही शिक्षण होईल. तिसरीतलं मूल ३५ का लिहितं, हे डीएलएडच्या पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

‘शंभर शाळांना मुद्दाम मागे ठेवायचं, हा अन्याय नाही का?’ असं कुणीतरी विचारेल. त्या शाळा आजही मागेच आहेत, फक्त का मागे आहेत ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि कार्यक्रम कुचकामी निघाला, तर दुसऱ्या वर्षीचे पैसे वाचतील. त्या पैशात शाळेचं वीजबिल भरता येईल.

आता प्रशिक्षणांकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण २१ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं तेव्हा ते समोरासमोर होतं. पुढच्या वर्षी कोविड आला आणि ऑक्टोबर २०२० पासून तेच ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवर ऑनलाइन झालं, प्राथमिकसाठी अठरा घटक. नंतर माध्यमिकसाठी, मग पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी. ऑनलाइन होण्याचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणारी मी नाही. पूर्वी राज्याचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या तज्ज्ञाला सांगायचा, तो तालुक्याच्याला, आणि केंद्रावर पोचेपर्यंत ‘गटात चर्चा करा आणि चार्ट करून लावा’ एवढंच उरायचं. आता डोंगरातल्या शाळेतला शिक्षकही मूळ तज्ज्ञाचंच ऐकतो. शाळा बंद ठेवावी लागत नाही. ज्या बाईंना पाच दिवस तालुक्याच्या ठिकाणी राहणं शक्य नसतं, त्यांची सोय होते.

पण मग आपण काय केलं? शेवटी एक चाचणी ठेवली, सत्तर टक्क्यांना प्रमाणपत्र ठेवलं, आणि तालुक्यातालुक्याला टक्केवारीची यादी लावली. ज्या दिवशी यादी लागली त्याच दिवशी उत्तरं व्हॉट्सॲपवर आली. यूट्यूबवर तर प्रत्येक घटकाची उत्तरं सांगणारे व्हिडिओ आहेत, काहींना मूळ प्रशिक्षणाच्या व्हिडिओपेक्षा जास्त प्रेक्षक असतील तर मला नवल वाटणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल चार्जिंगला लावायचा, व्हिडिओ आवाज बंद करून सोडायचा, सकाळी आयत्या उत्तरांवर खुणा करायच्या. शिक्षकांना हसण्यात अर्थ नाही. ज्या माणसाला त्याच आठवड्यात शालेय पोषण आहाराची नोंद, यू-डायस, आधार जुळणी, मतदार याद्या हे सगळं करायचंय, तो प्रमाणपत्र मागितलं तर प्रमाणपत्रच देणार. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी बारा वर्षांनी आणि निवडश्रेणीसाठी चोवीस वर्षांनी जे प्रशिक्षण लागतं, ते २०२२ साली ऑनलाइन झालं, तेव्हा तर प्रमाणपत्रावर पगारच अवलंबून होता. पगार अडकला की माणूस शिकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. तो फक्त सर्व्हर केव्हा चालू होतो ते पाहतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास सांगितला आहे. हे तास भरायला आता आणखी अभ्यासक्रम निघतील. माझी विनंती आहे, त्यातल्या एकातरी अभ्यासक्रमाचं मोजमाप वर्गात जाऊन करा. उदाहरण देते. बेरीज-वजाबाकीसाठी दशक-एककांचं साहित्य कसं वापरायचं, एवढाच विषय घ्या. दोन व्हिडिओ, प्रत्येकी दहा मिनिटांचे. मग शिक्षकाने तो पाठ स्वतःच्या वर्गात घ्यायचा. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच, जिथे बहुतेक वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. तिथे परिपत्रकं बाजूला ठेवून दोन शिक्षकांनी आपल्या मुलांच्या वह्या आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून चुका वाचायच्या. कुठल्या मुलाने काय विचार करून चुकीचं उत्तर काढलं, यावर तासभर वाद व्हायला हवा. असा तास एकदा झाला की शिक्षक ऑनलाइन घटकही वेगळ्या नजरेने पाहतात, मागे जाऊन पुन्हा पाहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महिन्या-दोन महिन्यांनी केंद्रप्रमुखाने वर्गात जाऊन बघायचं: साहित्य निघालं का, मुलांच्या हातात गेलं का, की बाईंच्याच टेबलावर राहिलं. ही माहिती प्रमाणपत्रांच्या टक्केवारीइतकी झटपट एक्सेलमध्ये बसत नाही, हे मान्य.

दक्षिण आफ्रिकेत यावर एक छान प्रयोग झाला. काही शाळांत मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात जायचा, काहींना तोच आधार टॅबलेट आणि फोनवरून. प्रत्यक्ष भेटींमुळे मुलांच्या इंग्रजी वाचनात सुधारणा झाली. दूरवरून मार्गदर्शन मिळालेल्या शाळांत बोलण्यात थोडी झाली, वाचनात नाही. यावरून कुणी ‘ऑनलाइन बंद करा’ म्हणू नये. पण केंद्रप्रमुखांची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची, एकाकडे दोन-तीन केंद्रांचा कारभार द्यायचा, आणि त्याची भरपाई ॲपने होईल असं समजायचं, हा हिशेब जुळत नाही.

थोडं कंपन्यांबद्दल. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात एक आकडा आहे: ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त ७ टक्क्यांनी आपल्या उत्पादनाची अशी चिठ्ठी टाकून तुलना केलेली होती. अमेरिकेच्या १७ राज्यांतल्या पाहणीत, वस्तू घेण्याआधी संशोधनाचा पुरावा मागणारे शिक्षक आणि प्रशासक ११ टक्के होते. तिथे ही गत, तर आपल्याकडे निविदेत काय मागतो ते तुम्हीच पाहा. पडद्याचे इंच, प्रोसेसर, वॉरंटीची वर्षं. त्यात दोन अटी वाढवा. उत्पादन वापरल्याने मुलांची प्रगती झाल्याचा, कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाने तपासलेला पुरावा द्यावा. नसेल तर पहिल्या टप्प्यातल्या तुलनेला संमती द्यावी आणि पुढच्या टप्प्याचं पेमेंट त्या निकालानंतर. बाकी वापराची आकडेवारी, ‘एवढे लाख क्लिक, एवढे लाख मिनिटं’, सादरीकरणात दाखवली की टाळ्या वाजवू नका. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मिनिटं दोन्हीकडे मोजली जातात.

पुण्यातली ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था आठवते ना? १९८४ साली सुरू झालेली, माझ्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांनी दूरदर्शनवर पाहिलेली. २०१७ साली तिला कुलूप लागलं. एवढी वर्षं तिने केलेल्या कार्यक्रमांपैकी कुठल्याने मुलं शिकली, याची नोंद व्यवस्थित ठेवलेली असती, तर त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला आलेल्या ‘दीक्षा’वर काय टाकायचं आणि पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे काय ठेवायचं, हे ठरवायला ती कामी आली असती.

तर मागणी एवढीच. येत्या शैक्षणिक वर्षात जो काही नवा संच, ॲप किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम तुमच्या टेबलावर असेल, त्यातला एक निवडा. दोन जिल्ह्यांत सोडत काढा. जूनमध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये मुलं तपासा, त्यानंतर वर्षाने आणखी एकदा, आणि निकाल काहीही येवो, संकेतस्थळावर मराठीत टाका. वर्गनिरीक्षणासाठी माणसं कमी पडत असतील, तर प्रत्येक तालुक्यात आमच्यासारखे निवृत्त केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी मिळतील. मानधनाचं नंतर बघू. एसटीचं तिकीट आम्हाला तसंही अर्धंच पडतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख